सोनटिकली परी आणि रविवारचा सायकलवर्ग

फुलवाडी नावाच्या इवल्याशा गावात कस्तू नावाची एक इवलीशी मुलगी राहायची. घर एका खोलीचं, दारात मोगऱ्याचा हिरवागार ताटवा आणि भिंतीला टेकून उभी आईची निळी सायकल. एवढंच काय ते मायलेकींचं वैभव, बरं का! रोज पहाटे दोघी टपोऱ्या, पांढऱ्याशुभ्र कळ्या खुडायच्या, ओल्या फडक्यात गुंडाळायच्या आणि आई टिंग टिंग घंटी वाजवत तालुक्याच्या बाजाराला निघायची.

पण एका गुरुवारी सायकलचं मागचं चाक फुस्स करून खाली बसलं. गावातला सायकलवाला तर कधीच शहरात निघून गेलेला. आई टोपली डोक्यावर घेऊन चालत गेली. ती पोचेपर्यंत उन्हाने कळ्या पार मलूल झाल्या आणि त्यांना कुणी हात लावेना. संध्याकाळी सुजलेले पाय कोमट पाण्यात सोडून आई म्हणाली, "कस्तू, सोमवारपासून मी लांबच्या वीटभट्टीवर कामाला जाते गं. तिथे लेकरांना ठेवून घेत नाहीत. तू थोडे महिने मामीकडे राहा, हं."

थोडे महिने! कस्तूचा घास तोंडातच राहिला. आईच्या पदराचं टोक हातात असल्याशिवाय तिला झोप यायची नाही, आणि आई म्हणते महिने! मग तिने आईचे पाय हळूहळू चोळून दिले.

शुक्रवारी सकाळी ती ताटव्यात एकटीच मुसमुसत बसली होती. तेवढ्यात कोळ्याच्या जाळ्यात काहीतरी लुकलुकलं. दव असेल म्हणून ती वाकली, तर काय! बोटभर उंचीची एक परी, झगा केशरी, पंख पोपटी आणि कपाळावर सोन्याची टिकली. बिचारी जाळ्यात पुरती गुरफटली होती.

"थांब, थांब, धडपडू नकोस," कस्तू म्हणाली. तिने गवताच्या काडीने एकेक धागा अलगद सोडवला. बाकीचं जाळं तिने मोडलं नाही. "कोळीदादा, माफ कर हं, तुझंही घर आहे ते," असंही ती म्हणाली.

परीने पंख झटकले, तशी सोनेरी भुकटी भुरभुर उडाली. "मी सोनटिकली! तू गुणाची पोर आहेस. माग तीन इच्छा. पण आमचे नियम असतात बाई. इच्छा मोठ्याने बोलायची, स्वतःसाठीच मागायची. जादूने आणलेली नवी वस्तू एका दिवसात विरून जाते. आणि जोवर तुझी एक तरी इच्छा टिकत नाही, तोवर मला घरी जाता येत नाही."

कस्तूने डोळे पुसले. "मला माझ्या आईजवळ राहायचंय. त्यासाठी सायकल धावायला हवी. सायकलचं चाक नीट कर ना गं!"

परीने छडी फिरवली. गुलाबी, जांभळ्या, निळ्या ठिणग्या नाचल्या आणि चाक टम्म फुगलं! शनिवारी पहाटे आई आनंदाने निघाली. पण कालव्याच्या पुलावर पोचते न पोचते तोच पुन्हा फुस्स! आई सायकल ढकलत परत आली.

"असं कसं झालं?" परी गडबडली. कस्तूने दुसरी इच्छा मागितली. पुन्हा ठिणग्या, पुन्हा टम्म चाक, आणि अंगणातल्या दोन चकरा होतायत तोवर पुन्हा फुस्स.

आता मात्र परीचं उसनं अवसान गळालं. ती पाकळीवर बसून हुंदके देऊ लागली. "मला फुलं उमलवता येतात, वारा वाहवता येतो. सायकलीतलं मला ओ की ठो कळत नाही गं. मी नुसतं भोक बुजवते नि फुगवते!"

तिचे ते मोहरीएवढे अश्रू पाहून कस्तूचं काळीज हललं. "रडू नकोस ना. तिसऱ्या इच्छेने तू आपली घरी जा."

"वेडाबाई, ती स्वतःसाठीच मागायची असते," परी नाक ओढत म्हणाली. पण तिने कस्तूच्या बोटाला घट्ट मिठी मारली.

कस्तू विचारात पडली. परीला येत नाही, आईला येत नाही, आपल्यालाही येत नाही. पण कुणालातरी येत असेलच की! ती मोठ्याने म्हणाली, "मला सायकल दुरुस्त करायला शिकायचंय. जवळपास कुठे शिकवतात, तेवढं दाखव."

"वाटा दाखवणं? ते तर मला झोपेतसुद्धा येतं!" परी टुणकन उठली.

रविवारी सकाळी अंगणातून चंदेरी ठिपक्यांची एक बारीक रांगोळी निघाली. आईला विचारून, सायकल ढकलत कस्तू तिच्यामागून चालली. परी तिच्या वेणीत लपून बसली होती. कालवा ओलांडून ठिपके शेजारच्या गावातल्या वाचनालयामागे थांबले. तिथे चिंचेखाली फळा होता: 'सायकल दुरुस्ती वर्ग. दर रविवारी, दुपारी बारापर्यंत. कुणीही यावे, आपली सायकल आणावी.' इतक्या जवळ! आणि फुलवाडीत कुणाला पत्ता नाही, म्हणजे बघा!

सावलीत सातआठ सायकली उलट्या करून ठेवल्या होत्या आणि त्यांच्यामध्ये पान्यांची पेटी उघडून नूरआपा बसल्या होत्या. तीस वर्षं त्यांनी सायकलचं दुकान चालवलं होतं. आता त्या गावाला शिकवत होत्या.

"ये बेटा. आमच्या वर्गाची एक रीत आहे," आपा म्हणाल्या. "आधी शेजारच्याची सायकल करायची, मग आपली. आपल्या सायकलीला माणूस घाई करतो. दुसऱ्याची करताना हात शिकतो."

कस्तूच्या शेजारी दगडूनाना होते, पांढऱ्या मिशांचे, थरथरत्या हातांचे. त्यांची साखळी गंजून अगदी काळी ठिक्कर पडली होती. "नातीला शाळेत सोडतो गं हिच्यावरून. सारखी उतरते मेली," नाना म्हणाले.

आपांनी दाखवलं तसं कस्तूने ब्रशला रॉकेल लावलं आणि साखळीची एकेक कडी घासली. घासतेय, घासतेय, संपतच नाही! साडेअकरा वाजले. उद्या सोमवार. माझी सायकल तशीच राहिली तर?

"वरवर पूस आणि आपली घे," परी वेणीतून कुजबुजली. "त्यांना कुठे दिसतंय?"

"नानांची नात पडेल ना," कस्तू हळूच म्हणाली. डोळ्यांत पाणी होतं, पण ब्रश थांबला नाही. सगळ्या कड्या लखलखल्या, तेलाचे थेंब पडले, साखळी सुळसुळ फिरू लागली. आणि वाचनालयाच्या घड्याळात बाराचे ठोके पडले.

कस्तूने गुपचूप आपल्या सायकलला हात घातला. घरी न्यायला.

"अगं अगं, कुठे निघालीस?" आपांनी पेटीवर हात ठेवला. "हिने नानांची साखळी आरशासारखी केली, आणि हिचं चाक तसंच? आज ही पेटी बंद होत नाही!"

"मी पाण्याचं घमेलं भरून आणतो," म्हणत नाना उठलेसुद्धा.

कस्तूने ट्यूब बाहेर काढून पाण्यात बुडवली. बुडबुड बुडबुड, मोत्यांसारखे बुडबुडे! तिने भोक शोधलं, पुसलं, घासलं, ठिगळ चिकटवलं. ती ट्यूब आत घालणार, तोच आपा म्हणाल्या, "थांब. टायरच्या आतून बोट फिरवलंस का? हळू हं."

कस्तूने बोट फिरवलं. "आई गं!" टायरमध्ये बाभळीचा इवलासा काटा रुतून बसला होता. दोन्ही वेळा परीने भोक बुजवलं, आणि दोन्ही वेळा काट्याने नवं पाडलं. कुणी आत बघितलंच नव्हतं! वेणीतल्या परीने कपाळावर हात मारून घेतला.

काटा निघाला. पंप सर्रसर्र चालला. चाक टम्म झालं आणि टम्मच राहिलं.

सोमवारी, भट्टीवर जाण्याआधी एकदा बघू म्हणून, आई कळ्या घेऊन निघाली. कस्तू आणि परी उंबऱ्यावर बसून राहिल्या. आठ वाजले. साडेआठ वाजले. आणि मग वळणावरून आवाज आला, टिंग टिंग! आईची टोपली रिकामी होती आणि चेहरा नुसता फुलला होता.

"कस्तू! पुलावरून गेले, खडीवरून गेले, चाक हूं की चूं करत नाही गं! सगळ्या कळ्या खपल्या. कसली भट्टी न् कसलं काय, कुठ्ठे जात नाही मी!"

कस्तूने पळत जाऊन आईच्या कमरेला मिठी मारली. त्याच क्षणी सोनटिकलीचे पंख उजळले. पोपटी, मग पिवळे, मग पांढरेशुभ्र. तिने कस्तूच्या गालावर इवलीशी पापी दिली. "तुझी इच्छा टिकली गं! आता मला घरची वाट मोकळी," ती म्हणाली. अंगणभर लख्ख उजेड पसरला आणि त्या उजेडात परी मिसळून गेली.

"एवढा उजेड कसला गं?" आईने डोळे चोळत विचारलं.

"सांगते," कस्तू म्हणाली. "आधी मला जवळ घे."

आणि आईने तिला जवळ घेतलं. कस्तू आईपाशी राहिली, तशी ऐकणारी सारी बाळं आपापल्या माणसांपाशी सुखाने राहोत.