वल्ह्याचा थोरला थर

कार्बनच्या कापडाची वल्ही नुकतीच होऊ लागली होती, तेव्हाची गोष्ट. एका वल्ह्यासाठी आठ थर एकावर एक रचून राळेनं चिकटवायचे होते. त्याआधी त्यांना आरपार टाचायला जाड सुई आली.

सर्वांत वरचा, थोरला थर अंग चोरून बसला. त्याची वीण निर्दोष होती. "सुईबाई, दुरूनच! माझा एकेक धागा पोलादाला भारी. भोकं पाडून घ्यायला मी काय गोणपाट आहे?"

"दोनचार धागे दुखावतील, खोटं नाही," सुई म्हणाली. "पण तुझ्या नि धाकट्याच्या मधे काय राहील?"

"राळ असेल की!"

"राळ ठिसूळ असते, बाबा."

धाकट्या सातांनी निमूट टोचून घेतलं. "दादा, ये ना," ते म्हणाले. थोरला नुसत्या राळेनं चिकटून वर बसला, आणि तोच देखणा दिसला.

पुरात वल्हं खडकावर आदळलं. सात थर चिरले, कण्हले, पण एकमेकांना धरून राहिले. नाव काठाला लागली.

थोरला मात्र सुटून धारेत वाहत गेला. भावांच्या हाका ऐकू येईनाशा झाल्या, तेव्हा त्यानं स्वतःला चाचपून पाहिलं. अंगावर एक भोक नव्हतं. एक धागाही तुटला नव्हता.