डोळे राहिलेलं चित्र

"मग डोळे कधी काढताय, लामाजी?"

नोरबू कापगतेने हे तिसऱ्यांदा विचारलं. गोंदियाकडच्या तिबेटी वसाहतीत, म्हाताऱ्या जाम्पा लामांपुढे तो गुडघे टेकून बसला होता. मुंबईतलं त्याच्या चित्रांचं प्रदर्शन आठ दिवसांवर आलेलं. देवाच्या चित्रात डोळे अगदी शेवटी उघडायचे आणि तेही गुरूच्या हातून, हे त्याला लहानपणी याच लामांनी शिकवलं होतं. या वेळी चित्र मात्र देवाचं नव्हतं, आईचं होतं.

वडील झाडीपट्टीतले मराठी, आई तिबेटी. या एका गोष्टीवर त्याचं नाव झालेलं. वर्तमानपत्रं त्याला स्थलांतराचा चित्रकार म्हणत, आणि स्वारी ते खुशाल ऐकून घेई.

लामांनी चष्मा पुसून समोरचं चित्र निरखलं.

"हिच्या मागं काय आहे?"

"बर्फाचे डोंगर. आईची मायभूमी."

"तिचा जन्म याच वसाहतीतला रे. तिनं बर्फ पाहिला तो गोळेवाल्याच्या गाडीवर."

नोरबू हसायला गेला. हसू काही आलं नाही.

"आईची आठवण आली की तुला डोंगर दिसतात?"

नोरबू चित्राची कड सारखी करू लागला.

"खरं सांग."

"नागपूरचा फुटपाथ दिसतो," नोरबू म्हणाला. "हिवाळ्यात आई तिथं स्वेटर विकायला बसायची. मी सहावीत होतो. मित्रांबरोबर तिथून चाललो होतो. एकानं विचारलं, 'ही नेपाळीण तुझ्याकडे काऊन पाहून रायली बे?' मी म्हणालो, मला काय माहीत."

"तिनं ऐकलं?"

"ऐकलं..." त्याची मान खाली गेली. "तिनं एक स्वेटर झटकला, वर धरला आणि मलाच विचारलं, 'कोणता साइज दाखवू, बाबू?' गिऱ्हाइकाला विचारावं तसं. मला सांभाळून घेतलं तिनं."

"मग?"

"मी काही न बोलता पुढं गेलो. घरी तिनं तो विषय कधी काढला नाही. मीही नाही."

एवढ्या वर्षांत हे त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. आता सांगून बसला तर लाजेनं त्याचे कान तापले, आणि लामांच्या तोंडाकडे बघायचीही हिंमत होईना.

लामांनी कुंचला रंगात न बुडवता कोरडाच ठेवून दिला. चित्राची गुंडाळी केली आणि त्याच्या हातात दिली.

"यंदा स्वेटर घेऊन कुठं बसलीये ती?"

"तिथंच..."

"मग जा," लामा म्हणाले. "तिला साइज सांगून ये."