गव्याने मान हलवली

एका जंगलातल्या तळ्याकाठी, उघड्या खड्यांमध्ये, एक टिटवी राहत असे. तिथेच तिने चार अंडी घातली होती. खड्यांत खडे दिसावेत अशी ती अंडी. चुकून कुणाचा खूर पडला की संपलंच सगळं! म्हणून कुणी लांबून येताना दिसलं की ती असा काही आरडाओरडा करी, की येणारा मुकाट्याने वाट बदली.

त्याच जंगलात गव्यांचा कळप होता. म्होरक्या गवा भला होता हो, पण नको तितका भला! कुणाला नाही म्हणायचं त्याच्या अगदी जिवावर येई. कुणी रामराम केला, हलव मान. कुणी काही मागितलं, हलव मान. रवंथ करता करता डुलकी लागली, तरी मान आपली हलतेच आहे! आणि कळपाचा रिवाज असा, की म्होरक्याने मान हलवली की ठरलं. पुन्हा विचारायचं नाही.

एके दिवशी ऊन फार तापलं. टिटवी म्होरक्याकडे गेली. "दादा, अलीकडच्या काठावर, खालच्या वाटेतच माझी अंडी आहेत. आज कळप पाण्यावर वरच्या वाटेने न्याल ना?" गव्याने मान हलवली. टिटवीचा जीव भांड्यात पडला. थोड्या वेळाने एक तरणा गवा आला. "खालची वाट जवळची आहे. तिकडूनच जाऊ या ना?" म्होरक्याने डोळेही न उघडता मान हलवली.

टिटवी पलीकडच्या उथळ पाण्यात पोट भिजवायला गेली. ओल्या पिसांनी तिला अंडी गार करायची होती. इतक्यात धुरळा उठला. तिने पाहिलं, पण ओरडली नाही. दादांनी कबूल केलंय, वरच्याच वाटेला लागतील, असं तिला वाटलं. ती परतली आणि जागीच थिजली. चारांतलं एकही अंडं उरलं नव्हतं.

"अहो दादा, हे काय केलंत!"

गव्याने खाली पाहिलं. त्याच्याच खुराला बलक लागला होता. "अगं बाई... मी तुझं धड ऐकलंच नव्हतं गं."

"मग मान कशाला हलवलीत?"

"तुला वाईट वाटू नये म्हणून."

टिटवी किंचाळली, "अरे मेल्या, नाही म्हणाला असतास, तर मी गळा फाटेपर्यंत ओरडले असते!"

तात्पर्य : ऐकल्याशिवाय मान हलवू नये, खरा नकार दुसऱ्याला सावध करतो, खोटा होकार त्याला गाफील ठेवून बुडवतो.