डोहातली बिनडोळ्यांची वांब

एका घनदाट जंगलात नदी उंच कड्याच्या सावलीत शिरून जिथे अचानक मुकी होई, तिथल्या खोल डोहाच्या काठी एक म्हातारा पाणकावळा राहत असे. तरुणपणी तो डोहाच्या तळापर्यंत बुडी मारून येई. आता त्याचे पंख विरले होते, दम पुरत नव्हता. पाण्यावर वाकलेल्या एका वाळक्या फांदीवर पंख पसरून उन्हे खात बसणे, एवढेच त्याच्या वाट्याला उरले होते. तरीही त्याला उपास घडत नसे, कारण माशांची पारख त्याच्याइतकी त्या जंगलात कुणालाच नव्हती.

मुलांनो, मासा पकडणे वेगळे आणि मासा ओळखणे वेगळे. डोहावर मासे धरणारे पुष्कळ होते. पाणमांजरी होती, बगळा होता, खंड्या होता. मरळ, शिवडा, मळ्या हे रोजचे मासे सगळेच ओळखत. पण कधी पुराबरोबर वाहत आलेला, कधी एखाद्या कपारीतून निघालेला निराळाच मासा कुणाच्या तावडीत सापडला, की तो घेऊन ते पाणकावळ्याच्या फांदीखाली येत. तो मान तिरपी करून बघे. मिशा आहेत का, पर कुठून फुटले आहेत, अंगावर खवले आहेत की नुसते कातडे, वास चिखलाचा येतो की वाळूचा, एवढे पाहून तो नाव सांगे, आणि हा खावा की सोडून द्यावा तेही सांगे. मग माशाचा एक तुकडा त्याच्यासाठी फांदीखालच्या दगडावर ठेवला जाई.

एकदा खंड्या एक करडा मासा गिळणार, तोच पाणकावळा ओरडला, "थांब! शिंगाळ्याचं पिल्लू आहे ते. त्याचा काटा उभा राहिला की घशातून ना खाली जातो, ना वर येतो. आधी दगडावर आपटून काटा मोड."

खंड्याने मासा आपटला, तर दाभणासारखा काटा ताठ उभा राहिलेला! "आजोबा, तुमच्यामुळे वाचलो हो," असे तो दिवसभर सगळ्यांना सांगत फिरला. तेव्हापासून पाणकावळ्याचा शब्द म्हणजे डोहावर काळ्या दगडावरची रेघ ठरली.

पावसाळा सरून पाणी निवळले होते. एके दिवशी दुपारी वारा अगदी पडला. कड्यावरचे पान हलत नव्हते. अशा वेळी पाणमांजरी तोंडात काहीतरी धरून काठावर आली. ते तिने दगडावर ठेवले आणि चार पावले मागे सरकली. एरवी शिकार केली की ती शेपटी आपटत, धापा टाकत बडबड करी. आज ती हलक्या आवाजात म्हणाली, "आजोबा, हे काय आहे हो?"

पाणकावळ्याने मान तिरपी केली. तो मासा बगळ्याच्या मानेएवढा लांब होता आणि पाण्यात कुजलेल्या सालीसारखा पांढुरका होता. अंगावर एक खवला नव्हता. कातडे इतके पातळ, की आतले काळीज धुकधुकताना दिसत होते. आणि त्याला डोळे नव्हते. डोळ्यांच्या खोबणीसुद्धा नव्हत्या. जिथे डोळे असायचे तिथे सपाट, गुळगुळीत कातडे होते.

पाण्याबाहेर काढलेला मासा तडफडतो. हा निवांत पडून होता.

"मेलाय वाटतं," बगळा म्हणाला.

तसे त्या माशाने आपले डोके सावकाश बगळ्याकडे वळवले. बगळ्याने उचललेला पाय तसाच वर राहिला. "अगं बाई, ऐकतोय हा!" काठावरून म्हातारी कासवीण पुटपुटली, आणि ते बिनडोळ्यांचे डोके तिच्याकडे वळले.

पाणकावळा फांदीवरून खाली उतरला. त्याने मासा चोचीने उलटा केला, सुलटा केला. मिशा नव्हत्या. पर होते, पण ते कुठल्याच ओळखीच्या माशासारखे नव्हते. त्याने वास घेतला. चिखलाचा नाही, शेवाळाचा नाही, कसलाच वास नव्हता. फक्त एक गारवा चोचीतून आत शिरला आणि पोटापर्यंत गेला. सूर्य ज्या जागी कधीच पोचलेला नाही, तिथला तो गारवा होता. उभ्या आयुष्यात असा मासा त्याने पाहिला नव्हता, ऐकला नव्हता.

सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते.

'ठाऊक नाही म्हणावं का?' त्याच्या मनात आले. 'पण आज ठाऊक नाही म्हटलं, तर उद्या या दगडावर तुकडा कोण ठेवील? बसल्या जागी मरून जाईन. आणि हे सगळे आधीच भ्यालेत, मीच गडबडलो तर यांनी बघायचं कुणाकडे?'

"वांब आहे ही, सापासारखी लांबडी असते ना, तीच," तो घसा साफ करत म्हणाला. "म्हातारी वांब. चिखलात राहून रंग उडालाय आणि वयाने डोळे गेलेत. त्यात घाबरण्यासारखं काय आहे?"

कासवीण पुढे सरकली. "पण आजोबा, वांबेचं तोंड निमुळतं असतं ना? आणि डोळे गेले तरी खोबणी जात नाहीत. माझ्या आईचे डोळे गेले होते, खोबणी होत्या की."

"तू आयुष्यात किती वांबा पाहिल्यास?" पाणकावळा खेकसला. "मी तुझ्या पाठीवर शेवाळ धरायच्या आधीपासून पाहतोय. वांब म्हणजे वांब."

कासविणीने मान कवचात ओढून घेतली. खंड्या हसला, मग बगळा हसला, आणि डोहावरची भीती बघता बघता उडून गेली. नावच तसे ओळखीचे होते. पाणमांजरीने मासा फोडला, एक तुकडा दगडावर ठेवला आणि बाकीचा पिल्लांना नेला. पाणकावळ्याने तो तुकडा खाल्ला. त्याला कसलीच चव नव्हती.

त्यानंतर असले मासे वरचेवर सापडू लागले. ते पळत नसत. काठाशी येऊन स्वस्थ तरंगत, जणू कुणी बोलेल म्हणून वाट बघत. बगळा तर म्हणे, "या म्हाताऱ्या वांबांनी आपली चंगळ केली!" सगळे पोटभर खात आणि उन्हात लोळत. पाणमांजरीची पिल्ले काठाशी तरंगणाऱ्या त्या माशांना हाका मारत आणि त्यांनी डोकी वळवली की खिदळत.

पाणकावळ्याला मात्र झोप लागेना. फांदीवर बसल्या बसल्या त्याच्या काही गोष्टी ध्यानात येऊ लागल्या होत्या. मरळ, मळ्या, शिवडा एकेक करून दिसेनासे झाले होते. खळाळावरून उड्या मारत, अंग खरचटून घेत ते वरच्या अंगाला निघून जात होते. डोहावर पडलेली पाने एकाच दिशेने, सावकाश, गोल फिरत होती. आणि दिवस मावळताना पाण्यातून एक आवाज येई. कुणीतरी खोलवर, घोट घोट, पाणी पीत असल्यासारखा.

"पाणमांजरीबाई, तुला काही ऐकू येतं का गं?" एकदा त्याने विचारले.

"येतं की," ती म्हणाली. "त्या वांबा चिखल उपसत असतील. तुम्हीच नाही का सांगितलंत, चिखलात राहतात म्हणून?"

पाणकावळ्याचाच शब्द त्याच्या गळ्यात काट्यासारखा उभा राहिला होता.

अखेर थंडी पडल्यावर एका सकाळी, कुणी जागे व्हायच्या आत, त्याने बुडी मारली. किती वर्षांनी मारली होती! छाती फुटायला आली, कानांत घणघण होऊ लागले, पण तो खाली खाली जात राहिला. पाणी हिरवे झाले, मग काळे झाले, आणि इतके गार झाले की पंख आखडले. वरून झिरपणाऱ्या अंधूक उजेडात त्याला तळ दिसला. तळाला एक भेग पडली होती. वाहून आलेल्या काटक्या, पाने, वाळू त्या भेगेत हळूहळू ओढली जात होती. पाणी खाली जात होते आणि त्या पाण्याच्या उलट, एकामागून एक, ते पांढुरके मासे वर येत होते. म्हणजे डोहाच्या पोटाखाली दुसराच एक डोह होता. अंधाराचा. ते मासे तिथले होते, आणि मधले छत फाटत चालले होते.

भेगेजवळच्या चिखलात कासवीण झोपली होती. थंडीच्या दिवसांत ती नेहमी तिथेच झोपायला जाई. पाणकावळ्याने तिच्याकडे वळायला पंख मारला, पण त्याचा दम सरला होता. आणि तेवढ्यातही एक विचार त्याला चाटून गेलाच, 'उठवून तिला सांगू काय? कुठल्या तोंडाने सांगू?' तो तसाच वर आला.

फांदीवर येऊन तो कापत बसला. सांगावे, असे त्याने सकाळी ठरवले. दुपारी ठरवले. दर वेळी कुणी फांदीखाली आले की शब्द जिभेवर येई आणि तो गिळून टाकी. 'भेग काय, आजच थोडीच फुटतेय,' तो स्वतःला समजावी. 'उद्या शांतपणे सांगू.'

उन्हे कलली. पाणमांजरीची पिल्ले बिळातून निघून पाण्यात खेळायला उतरली. पाणकावळा बघत होता. एक पिल्लू पोहत बिळाकडे निघाले, पण पाय मारूनही ते जागच्या जागीच राहिले. मग हळूच मागे सरकू लागले. पिल्लाला वाटले खेळच आहे. ते खिदळले. पाने आता भरभर फिरत होती, आणि डोहाच्या मधोमध पाण्याला खळी पडली होती.

"बाहेर निघा!" पाणकावळा किंचाळला. "बाहेर निघा सगळे! पाणमांजरी, पिल्लं काढ!"

"अहो झालं काय?" पाणमांजरी बिळातून डोकावली.

"ती वांब नाही! मला ठाऊक नाही ती कोण आहे! मला पहिल्या दिवसापासून ठाऊक नव्हतं! डोहाचा तळ फाटलाय, पिल्लं काढ!"

पाणमांजरीने पुढचे ऐकले नाही. तिने झेप घेतली, एक पिल्लू मानगुटीला धरून खडकावर फेकले, दुसऱ्यासाठी फिरली. बगळा पाण्यात धावला आणि त्याने तिसऱ्याचे शेपूट चोचीत पकडले. खंड्या वरून "इकडे! इकडे!" असे ओरडत मागे राहिलेले पिल्लू दाखवत होता. पाणमांजरी त्याच्यापर्यंत पोचली तेव्हा खळीचा भोवरा झाला होता. पोटातला सगळा जोर लावून ती पिल्लाला घेऊन काठाला लागली, आणि तिच्यामागे तिचे बीळ चिखलासकट पाण्यात कोसळले.

मग डोह गेला. पाणी एकदाच मोठ्याने घोटले गेले आणि काठावर उभ्या असलेल्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत खाली, खाली, खाली गेले. उरला ओला चिखल आणि त्याच्या मधोमध एक काळे भगदाड. आतून गार वारा येत होता.

"कासवीणमावशी कुठंय?" खंड्याने विचारले.

पाणकावळ्याने मान खाली घातली. "ती तळाशी झोपली होती," तो म्हणाला. "मी पाहिलं होतं तिला. आज सकाळीच. आणि मी कुणालाच सांगितलं नाही."

बगळ्याने चोच उगारली, पण पाणमांजरी मध्ये आली. पिल्लांना पोटाशी धरून तिने त्या भगदाडाकडे पाहिले. "आजोबा," ती म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही ठाऊक नाही म्हणाला असतात, तर आम्ही घाबरलो असतो. घाबरलो असतो तर हा डोह सोडून निघून गेलो असतो. बिचारीने एकटीने विचारलं होतं. तुम्ही सांगितलंत म्हणून ती निर्धास्त झोपली."

दिवस बुडायच्या आत सगळे वरच्या अंगाला निघाले. "तुम्हीही चला," जाता जाता पाणमांजरी म्हणाली. पण तो गेला नाही. तो चिखलातून पाय ओढत भगदाडाच्या कडेपर्यंत गेला आणि आत वाकून त्याने कासविणीला हाक मारली. पुन्हा मारली. थोडा वेळ काहीच ऐकू आले नाही. मग फार खोलवरून पाणी हलल्याचा आवाज आला, आणि त्या अंधारात असंख्य पांढुरकी डोकी एकाच वेळी वर वळली.

तात्पर्य : अनोळखी गोष्टीला ओळखीचे नाव दिले की भीती तेवढी जाते, संकट जात नाही, म्हणून जे ठाऊक नाही ते 'ठाऊक नाही' असे वेळीच सांगावे.