पिशाच्चाच्या पायातली जोडवी

पुन्हा तीच गोष्ट? माझ्या तोंडात दात नाहीत, आणि तुम्हाला सुळेवाल्या पिशाच्चाची गोष्ट हवी! बरं, ऐका. मध्ये तोंड घालायचं नाही.

सोनजाईच्या उदाजीराजांनी हुकूम सोडला, "परटाची खोली पाडा!"

राज्य केव्हाच गेलं होतं, हुकूम सोडायची खोड गेली नव्हती. खोली पाडून तिथं संग्रहालय बांधायचं होतं. कशाचं? तर 'काळोखाचा जावई' नावाच्या सिनेमाचं! राजांनी तरुणपणी आपल्याच राजवाड्यात, आपणच रक्तपिशाच्च होऊन काढलेला. तेव्हा कुत्रंसुद्धा बघायला फिरकलं नाही. पुढं शहरातल्या रिकामटेकड्यांना त्याचं वेड लागलं. दरसाल भर उन्हात काळे डगले घालून यायचे, दरबाराचे पडदे ओढून तोच सिनेमा बघायचे, आणि त्यात दडलेले अर्थ उकरायचे. घरचं शेण कधी उकरलं नसेल!

त्या खोलीत सरू परटीण, तिचा अंथरुणाला खिळलेला नवरा आणि लेक हौसा राहायचे. सिनेमाच्याच दिवशी हौसा पदर खोचून दरबारात शिरली. मागोमाग सरू.

"सरकार, आजारी बापाला घेऊन जाऊ कुठं?"

राजांनी मिशीला पीळ दिला. चारचौघांत मोठेपणा दाखवायची संधी ते सोडतात होय! "एक अट आहे, पोरी. या सिनेमातली मला ठाऊक नसलेली एक गोष्ट सांग, खोली तुमची. नाही सांगितलीस, तर उद्या बिऱ्हाड बाहेर! हे एवढे विद्वान दरसाल येतात. एकालाही जमलेलं नाही!"

जमणार कसं? काहीही सांगा, राजे म्हणायचे, "ठाऊक आहे!"

एक दाढीवाला उठला. "राजेसाहेब, यातली वटवाघळं छत्रीच्या कापडाची आहेत!"

"ठाऊक आहे!"

दुसरा उठला. "रक्त म्हणजे गुळाच्या पाकात बीट! त्याला मुंग्या लागल्या, म्हणून पिशाच्च सारखं मान खाजवतं!"

"ठाऊक आहे! बस खाली!"

मग एक चष्मेवाला उठला. त्यानं या सिनेमावर प्रबंध लिहिला होता म्हणे. पोटाला काय खात होता कोण जाणे! डोळे मिटून म्हणाला, "शवपेटीतून पिशाच्चाचे पाय बाहेर आलेत आणि त्या पायांत जोडवी आहेत. पिशाच्चाचं लग्न मृत्यूशी लागलंय, हा गर्भित अर्थ!"

सगळा दरबार "वाहवा!" करत सुटला. हौसानं राजांकडं पाहिलं. पठ्ठ्या जरासुद्धा गडबडला नाही!

"ठाऊक आहे! कल्पना माझीच! जोडवी मीच मागवून घातली. झाकण लावून अर्धा दिवस निजलो होतो त्या पेटीत. भीती म्हणून ठाऊक नाही आपल्याला!"

टाळ्या पडल्या. मागं सरूला पानाचा ठसका लागला. हौसाला हसू आवरेना. तिनं तोंड उघडलं तशी सरूनं तिचा पदर ओढला. "हौसे, गप ऱ्हा! मीठ खाल्लंय त्यांचं."

"मीठ खाल्लं म्हणून काय चूल पण द्यायची?" पदर सोडवून हौसा पुढं झाली. "सरकार, एक सांगते. सुतारानं ती पेटी आखूड केली होती. तुम्ही आत निजलात, झाकण पडलं, आणि आत पाल निघाली! तुम्ही जी धूम ठोकलीत, ती थेट मुदपाकखान्यात, पिठाच्या कोठीमागं! इकडं उजेड चालला. तेवढ्यात माझी आई धुतलेला डगला घेऊन आली. दिग्दर्शकानं तोच डगला तोंडावर घालून तिलाच पेटीत निजवलं. म्हणाला, 'बाई, जोडवी काढ.' आई म्हणाली, 'नवरा जिता असताना जोडवी काढू? तुझ्या पिशाच्चाची काढ!' ते पाय माझ्या आईचे आहेत, सरकार. बोला, ठाऊक आहे?"

सगळे डगलेवाले राजांकडं वळले.

"ठा..." राजे सवयीनं म्हणायला गेले आणि अडकले! ठाऊक आहे म्हणावं, तर सगळ्यांदेखत पालीला भ्यालेले ठरतात. ठाऊक नाही म्हणावं, तर खोली हातची जाते. शेवटी टेबलावर मूठ आपटून ओरडले, "खोटं! साफ खोटं! ते पाय माझेच, आणि जोडवीही माझीच!"

"मग मिटलंच की!" हौसानं हात जोडले. "पायात जोडवी म्हणजे सरकार सवाष्ण झाले. आता एवढी मंडळी जमलीच आहेत. लाजू नका, एक झकास उखाणा घ्या आणि नवऱ्याचं नाव सांगा!"

मग राजांची मिशी थरथरली, पोट हललं, आणि ते असे खदाखदा हसले की खुर्चीतून घसरायचे राहिले!

"पाल नव्हती गं ती!" डोळे पुसत म्हणाले. "घोरपडीएवढी होती! हरलो, पोरी, हरलो!"

खोली राहिली. राजांनी ती पक्की बांधून दिली. सरूला चांदीची नवी जोडवी मिळाली, आणि सिनेमाच्या पाटीवर तिचं नाव चढलं. 'पिशाच्चाचे पाय : सरूबाई परीट.' चष्मेवाला मात्र जाताना हौसाला विचारत होता, "पण त्या पालीचा गर्भित अर्थ काय?"

"तुमच्या डोक्यावर पडली की कळेल!" हौसा म्हणाली.

झाली गोष्ट. आणि ती वटवाघळं! छत्री माझी होती. चांगली लाकडी मुठीची, नवीकोरी. न विचारता उचलली आणि कात्रीनं टराटरा कापली. कापणारा अजून जिवंत आहे, रोज पारावर माझ्याच चंचीतली तंबाखू खातो, पण 'चुकलं' एवढा शब्द त्याच्या तोंडातून निघालेला नाही. कोण म्हणून काय विचारता? धोंडीराम शिंपी!