पितळी साळुंकी आणि न विचारलेला प्रश्न

एका राज्यात प्रश्न विचारण्यासाठी रांग लागत असे. राजवाड्याच्या चौकात दगडी खांबावर एक पितळी साळुंकी बसलेली होती. तिच्यापुढे मूठभर जोंधळे ठेवावेत, एकदा प्रश्न विचारावा आणि ती देईल ते उत्तर घेऊन मुकाट्याने घरी जावे, असा रिवाज होता. तिला उलटून विचारायचे नाही, आणि तिने उत्तर दिल्यावर त्या बाबतीत दुसऱ्या कुणालाही विचारायचे नाही. हा रिवाज कुणी आणि कशासाठी घालून दिला, हे मात्र इतक्या वर्षांत कुणी विचारले नव्हते. लोक तरी किती शहाणे पाहा!

ही साळुंकी कपिलाक्ष नावाच्या मांत्रिकाने घडवली होती. घडवल्यावर त्याने तिला बाजारात, पाणवठ्यावर, दरबारात, देवळाच्या ओट्यावर वर्षानुवर्षे नुसते बसवून ठेवले. माणसे जे जे बोलली ते तिने पोटात साठवले. कुणी काही विचारले की साठवणीतले चार शब्द इथून, चार तिथून उचलून ती अशा ठसक्यात बोले, की ऐकणाऱ्याने मान डोलवावी. हरवलेली गाय कुठल्या रानात असेल ते सांगे, खोकल्यावर कुठला पाला वाटावा तेही सांगे, आणि पुष्कळदा ते बरोबरही निघे. तिच्यात खोट एकच होती. तिला गप्प बसता येत नसे.

या राज्याचा राजा मेघवर्मा. आईबाप लहानपणीच गेले. त्याला वाढवले ते थोरल्या बहिणीने. तिचे नाव हेमलेखा, पण सारे राज्य तिला अक्का म्हणे. एका वर्षी राजा तापाने अंथरुणाला खिळला. पुष्कळ दिवसांनी तो उठला, मुकुटाची पेटी उघडली, तर मुकुटातला सूर्यमणी जागेवर नव्हता. त्या पेटीची किल्ली अक्काच्या कमरेला असे.

राजाने बोलावले अक्काला, पण विचारले साळुंकीला. भरल्या चौकात जोंधळे ठेवून तो म्हणाला, “अक्काने सूर्यमणी का चोरला?”

“राज्याच्या लोभाने,” साळुंकी तत्काळ म्हणाली. राजांच्या भावंडांविषयी तिने बाजारात हेच सर्वांत जास्त वेळा ऐकले होते.

अक्का पुढे आली. “बाळ, मला विचार.”

“साळुंकीला विचारून झालं आहे.”

“तरी एकदा मला विचार.”

राजाने तोंड फिरवले. शिपाई तिला राज्याच्या वेशीपर्यंत घेऊन गेले. सीमेच्या दगडावर उभी राहून ती म्हणाली, “ज्या जिभेनं मला विचारायचं टाळलं, त्या जिभेवर प्रश्न उमटणार नाही. आणि राजाची जीभ तीच प्रजेची जीभ.”

त्या घटकेपासून त्या राज्यात कुणालाही काही विचारता येईना. प्रश्न ओठांशी आला की जीभ टाळ्याला चिकटे. वैद्याला रोग्याचे दुखणे विचारता येईना. पोट धरून आलेल्याच्या कपाळाला लेप लागला. परगावचा वाटसरू तिठ्यावर आला तो तिथेच उभा राहिला. लग्न जुळवणाऱ्यांना मुलीची मर्जी विचारता येईना. तशी ते पूर्वीही फारशी विचारत नसत, पण आता निमित्त मिळाले. न्यायाधीश आरोपीकडे बघत आणि अंदाजाने निकाल देत. सर्वांत वाईट झाले ते घराघरांतल्या लहानग्यांचे. आभाळ निळे का आणि म्हातारीचे केस पांढरे का, हे विचारायचे वय त्यांचे, आणि ती भिंतीशी गप्प बसून राहू लागली.

राजाला हे पाहवेना. तो एकटाच कपिलाक्षाच्या गुहेत गेला आणि म्हणाला, “तुझी साळुंकी खोटं बोलली असेल, तर तसं सांग.”

“ती खोटं बोलत नाही, महाराज, आणि खरंही बोलत नाही. ऐकलेलं जुळवून बोलते. अक्कांनी मणी चोरला, हे तिनं सांगितलंच नाही. ते तुम्ही सांगितलंत. तुम्ही कारण मागितलंत, तिनं कारण दिलं.”

राजाचे कान तापले. चौकात एवढी माणसे होती, पण हे कुणाच्या ध्यानात आले नव्हते. आपल्या तरी आले होते की नव्हते, इकडे मन वळवायची त्याची छाती होईना.

“दोष माझाही आहे,” मांत्रिक खाली मान घालून म्हणाला. “‘मला ठाऊक नाही’ एवढं मी तिला शिकवलं नाही. तुमच्या वडिलांना ते ऐकायला आवडत नसे, आणि मला त्यांची शाबासकी आवडत असे. आता उपाय ऐका. शाप अक्कांचा, तो अक्कांना विचारल्यानंच सुटेल. त्या नागडोंगरापलीकडे राहतात. वाटेत तीन परीक्षा आहेत, तिथं खोटं चालत नाही. आणि अक्कांपुढे पोहोचलात, तरी ज्या प्रश्नात तुमचं उत्तर आधीच भरलेलं नसेल तोच जिभेवर येईल. मुकुट इथंच ठेवा.”

राजा निघाला. आधी नदी लागली. तिथे माणसे पाठीवरून पैलतीरी नेणारे एक कासव होते. मधोमध पोहोचल्यावर त्याने विचारले, “पाठीवर कोण आहे?”

“राजा मेघवर्मा.”

कासव बुडू लागले. पाणी राजाच्या गळ्यापर्यंत आले. “पाठीवर कोण आहे?”

“बहिणीचं म्हणणं न ऐकता तिला हाकललं, तो मी.” कासव वर आले आणि त्याने राजाला काठावर सोडले. राजा कोरडा झाला, तरी त्याला अंग चोरून चालावेसे वाटत होते.

पुढे रान लागले. रानाच्या तोंडाशी एक घुबड भर उन्हात जागे बसले होते. “साळुंकीला विचारलंस, तेव्हा उत्तर तुला हवं होतं की ठरलेलं होतं?”

“मला सत्य हवं होतं.”

समोरची झाडे एकमेकांना बिलगली आणि वाट बुजली.  मग राजा हळू आवाजात, जणू रानानेही ऐकू नये अशा बेताने बोलला, “ठरलेलं होतं. माझ्या राज्यात लोक मुजरा मला करत आणि गाऱ्हाणं अक्काकडे नेत. ती चोर ठरली असती, तर मला बरं वाटलं असतं. ती चोर ठरली, आणि मला बरं वाटलं.”

झाडे बाजूला झाली. घुबडाने डोळे मिटले. एखाद्याला उघडे पडलेले पाहू नये, इतकी रीत त्याला होती.

शेवटी नागडोंगर आला. डोंगराच्या पोटात वेटोळे घालून नाग बसला होता आणि त्याच्या फण्यासमोर सूर्यमणी झळकत होता. “घे,” नाग म्हणाला. “हा कपाळी लावलास की सगळं आपोआप कळेल. तुझ्या बहिणीनं काय केलं, का केलं, सारं. कुणाचं तोंडही बघावं लागणार नाही. पण मग कुणालाही काही विचारावंसं वाटणार नाही, कधीच.”

राजाचा हात पुढे गेला. मण्याचा लोभ त्याला नव्हता. अक्कासमोर उभे राहायचे, तिच्या डोळ्यांत बघायचे, हे टळणार होते म्हणून तो हात गेला. ते ध्यानात येताच त्याला स्वतःची इतकी शरम वाटली की त्याने हात छातीशी घट्ट धरला. “नको,” तो म्हणाला. “तिलाच विचारतो.” नागाने वाट सोडली.

डोंगरापलीकडे एक खोपटे होते. अंगणात अक्का सुपात नाचणी पाखडत बसली होती. केस पांढरे झाले होते. तिने त्याला ओळखले, पण हात थांबवला नाही.

“अक्का, तू मणी का—” जीभ टाळ्याला चिकटली. “तू नाइलाजानं—” पुन्हा चिकटली. दयेने विचारले, तरी ते त्याचे ठरलेलेच उत्तर होते. राजा धुळीत गुडघ्यांवर बसला. मनात जे जे जुळवून आणले होते ते सारे त्याने टाकून दिले, आणि मग प्रश्न आला.

“अक्का, काय झालं होतं?”

सूप थांबले. त्याच घटकेला तिकडे राज्यात वैद्याने रोग्याला विचारले, तिठ्यावरच्या वाटसरूने गुराख्याला विचारले, आणि पोरांनी तर इतके विचारले की आया वैतागल्या. पुढे तो रिवाजही मोडला. साळुंकीला विचारावे, आणि ज्याच्याविषयी विचारले त्यालाही विचारावे, असे ठरले. हे सगळे मागाहूनचे. अंगणात तेव्हा दोघेच होते.

“तू तापात होतास,” अक्का म्हणाली. “तो ताप नागाच्या फुत्काराचा. मणी दिलास तर उतरवतो, म्हणाला. आणि अट घातली, ज्याच्यासाठी दिलास त्यानं विचारल्यावाचून बोलायचं नाही, नाहीतर ताप परत येईल. मी मणी दिला.”

“म्हणून चौकात तू...”

“म्हणून म्हणत होते, मला विचार.”

धरणीने पोटात घ्यावे, असे राजाला वाटले. कासवापुढे आणि घुबडापुढे कबुली देऊन आपण मोकळे झालो, असे त्याला वाटले होते. लाजेची खरी सुरुवात आत्ता होत होती.

“आणि मी खरोखरच चोरला असता, तर?” अक्काने विचारले.

वाटेत त्याने क्षमेचे, सन्मानाचे पुष्कळ शब्द जमवले होते. ते सारे निर्दोष बहिणीसाठी होते. ते त्याने बाजूला ठेवले. मग मान खाली घालूनच म्हणाला, “तरी आधी तुला विचारायला हवं होतं.”

अक्का उठली. क्षमा केली असे ती म्हणाली नाही. आत जाऊन तिने पाण्याचा तांब्या आणला, त्याच्यापुढे ठेवला आणि त्याच्या धुळीने भरलेल्या पायांकडे बघत म्हणाली, “जेवलास का?”

राजाने तांब्या दोन्ही हातांनी उचलून तोंडाला लावला. उत्तर ऐकायला अक्का थांबून राहिली.