हात रे!

"पोरांच्या हातात कुणीतरी विष दिलंय, आणि सगळे मजा बघत बसलेत!"

वरद मठाच्या ओसरीवर येरझाऱ्या घालत होता. मठ चालवणारे बुवा सुपातले तांदूळ निवडत होते.

"कुणी दिलं?" त्यांनी विचारलं.

"कुणाकुणाचं नाव घेऊ? बनवणारे, विकणारे, दाखवणारे... सगळे सामील आहेत."

कॉलेज संपवून वरद थेट इथे आला होता, मठाच्या वसतिगृहातल्या मुलांना शिकवायला. तो शिकवत होता त्याच वर्गातल्या मल्हारीने काल वसतिगृहातल्या लहानग्या भावडूला उचलून आपटलं. भावडूचा हात मोडला.

आता फाटकाबाहेर जीप उभी होती. जीपशेजारी मल्हारीची पत्र्याची पेटी. पेटीवर मल्हारी, मान खाली घालून. त्याला काढून टाका, असं वरदचं म्हणणं होतं; बुवांनी होकार दिला की तो घरी जाणार होता, कायमचा. त्याच्या वस्तीवर शाळा नव्हती.

"उचललं, आपटलं, छातीवर पाय दिला आणि दोन्ही हात वर केले! फोनवरच्या कुस्तीच्या व्हिडिओत करतात अगदी तस्संच. मी डोळ्यांनी पाहिलंय, बुवा."

"मोडलेला हात झोळीत कुणी बांधला?"

वरद थबकला.

"...मल्हारीनेच."

"डॉक्टर म्हणाले, छान बांधलाय. कुठं शिकला?"

वरद पुन्हा येरझाऱ्या घालू लागला.

"मास्तर?"

"व्हिडिओतच. म्हणून काय आता फोनची आरती करायची? झोळी त्याने एकदा बघितली असेल. आपटणं रोज बघतो! जे रोज दिसतं तेच आत मुरतं. एक नासला की दहा नासतील. आज काहीतरी ठरवायलाच हवं, आणि तुम्ही तांदूळ निवडताय!"

"खडे फार आहेत," बुवा म्हणाले.

वरदने कपाळावर हात मारून घेतला.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून चिमी धावत आली. स्वयंपाक करणाऱ्या पारूकाकूंची नात, नुकती पळायला शिकलेली. उंबऱ्याला अडखळली आणि सपशेल आडवी झाली. तिने असा टाहो फोडला की झाडावरचे कावळे उडाले.

वरदने धावत जाऊन तिला उचललं.

"अगं अगं अगं! कुणी पाडलं आमच्या चिमीला? ह्याने पाडलं? ह्या उंबऱ्याने? थांब हां... हात रे!"

त्याने उंबऱ्यावर सणसणीत चापट मारली. मग आणखी एक.

"मारलं बघ त्याला! आता तू मार. हात रे!"

चिमीने हुंदका गिळला. इवलासा पंजा उचलून उंबऱ्यावर आपटला. पुन्हा आपटला. आणि खुदकन हसली.

बुवांनी सूप खाली ठेवलं.

"मास्तर, हे कुठल्या व्हिडिओत होतं?"

वरद वाकलेला तसाच राहिला.

"हे... बुवा, हे तर सगळेच करतात."

"हं."

"लेकरू गप्प व्हावं म्हणून..."

"झालं की गप्प. हसलंसुद्धा."

"पण ते वेगळं! हा साधा खेळ आहे. ह्यात कुणाला..."

बुवा उठले. आतून वाटीत पाण्यात कालवलेली हळद घेऊन आले. थोडी चिमीच्या गुडघ्याला लावली. मग गुडघे मोडून खाली बसले आणि उंबऱ्यालाही लावली.

"लागलं का रे तुला?" त्यांनी उंबऱ्याला विचारलं, आणि फुंकर घातली.

चिमी तोंड उघडं टाकून बघत होती. उंबऱ्याकडे... बुवांकडे... पुन्हा उंबऱ्याकडे.

मग तिने वाटीत चार बोटं बुडवली. वरदचा हात ओढला. दगडी उंबऱ्यावर मारून तळवा लाल झाला होता. त्यावर तिने हळद फासली, मनगटापर्यंत. गाल फुगवून फुंकर घातली. फुंकर कमी, थुंकीच जास्त.

वरद हलला नाही. सकाळपासून पहिल्यांदाच.

बाहेर जीपचा हॉर्न वाजला.

"मास्तर!" ड्रायव्हर ओरडला. "पेटी चढवू का वर?"

वरदने बुवांकडे पाहिलं. बुवा पुन्हा तांदूळ निवडायला बसले होते...

स्वयंपाकघराच्या दारातून पारूकाकूच ओरडल्या, "थांब रे जरा! मास्तरांच्या हातावरची हळद ओली आहे अजून."